काळकाईचा उजवा कौल

उजवी पाकळी गळून पडली आणि काळकाईच्या देवळात दाटलेल्या गर्दीला एकदम रडू फुटले. आमदार गंगाधरराव आधीपासूनच रडत होते.

पोलादपूरच्या डोंगरातली अर्धी वाडी दरडीने गाडली होती. वाचलेली माणसे शाळेत राहत होती. उरलेल्या घरांवरच्या डोंगरालाही भेग पडलेली. दुसरीकडे जागा मिळाल्याशिवाय शाळेतून हलायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. जागा देणे अवघड, भाषण देणे सोपे. आपण आमदार म्हणून नव्हे, तुमचा लेक म्हणून आलोय, असे सांगून गंगाधररावांनी घरी परतण्याबद्दल देवीचा कौल घ्यायला लावला. रामजी गुरवाने रीतीप्रमाणे देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग भाषण सुरू झाले, ते पाकळी पडेपर्यंत थांबलेच नाही. मध्येच वाडीचे दुःख सांगून संपले, तेव्हा साहेबांनी स्वतःच्या आईचे आजारपण काढले.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुमेधाबाई मात्र साहेबांच्या माणसांनी लावलेल्या चित्रीकरणाच्या प्रखर दिव्याकडे पाहत होत्या. रडत होते साहेब, आणि दिवा होता देवीच्या उजव्या खांद्याशी, हातभर अंतरावर.

वाडीतल्या गोदूबाईचा थोरला मुलगा दरड कोसळली त्या दिवशी शेतावर होता. तो दरडीखाली गेला. धाकटा दीपक आता बायकोपोरांना घेऊन घरी निघाला. सुमेधाबाईंनी त्याला देवळाच्या दारातच अडवले.

"बाई, तुमी काय देवीपेक्षा मोठ्या हाव?"

"नाही. म्हणून तर तिलाच पुन्हा विचारू."

शंका असली तर कौल तीनदा लावतात, असे रामजीने सांगितले. बाईंनी दिवा डावीकडे नेला. या खेपेला डावी पाकळी पडली. देवी रागावली, असे साहेबांच्या माणसाने जाहीर केले. तिसऱ्या खेपेला बाईंनी दिवाच विझवला. त्या दमट हवेत देवीचा रागही दिसेना आणि लोभही. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी राहिल्या.

"पाकळी पाण्याने चिकटते," बाई म्हणाल्या. "पाणी सुकले की पडते. दिव्याने उजवीकडचे पाणी आधी सुकवले. तेवढा वेळ काढायला भाषण होते."

मग गोदूबाई उठली.

"साहेब, लेक म्हणून आलात ना? मग आज आमच्याच घरात झोपा. थोरल्याची खाट रिकामी हाय."

गंगाधररावांना महाडची तातडीची बैठक आठवली. गाडी दिसेनाशी झाली, तेव्हा दीपक बायकोपोरांसह शाळेकडे वळला होता.

कोणाचे अश्रू खरे, हे मोजण्याचे साधन विज्ञानाकडे नाही. भेग रुंदावते आहे का, हे मात्र मोजता येते. ते मोजणाऱ्याला बोलवावे. आणि धोका नाही, असे तो म्हणेपर्यंत त्या डोंगराखाली लेकरे झोपवू नयेत, मग सांगणारा कितीही रडो.