सलमाबादचं ग्रीक गलबत

"चाचा, पानी आत येतंय."

खिजरने हे हळू आवाजात सांगितलं, पण टाकीभोवती उभ्या असलेल्या सगळ्यांना ते दिसतच होतं. बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी क्रेनने चौदा फुटी गलबत टाकीत उतरवलं होतं. पावणेअकराला आत घोटाभर पाणी होतं आणि ते वाढत होतं.

गलबत बांधणारा जमालुद्दीन टाकीच्या काठावर उकिडवा बसला होता. "येनारच," तो म्हणाला. "पितंय ते."

प्रदर्शन समितीचे साहेब बहरीनच्या राजधानीतून, मनामाहून, मुद्दाम आले होते. त्यांनी फोनवर दोन फोटो काढले, निवेदिताला इंग्रजीत विचारलं की ही बोट आहे की बाथटब, आणि उत्तराची वाट न पाहता पुढचं सांगून टाकलं. फायबरची तयार बोट गोदामात होती. शनिवारी तीच लावायची. हे लाकूड इथेच तोडून टाका.

शनिवारी मनामातल्या एका सभागृहात शाळकरी मुलांसाठी प्रदर्शन उघडणार होतं: प्राचीन ग्रीकांचं दर्यावर्दीपण आणि त्यांच्या दंतकथांमागचा इतिहास. मधोमध उथळ हौद आणि त्यात तरंगणारं गलबत, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेलं. मांडणीचं काम पुण्याच्या निवेदिताकडे होतं. गलबताचा नकाशा घेऊन ती जूनमध्ये सलमाबादच्या वर्कशॉपात आली, तेव्हा बाकीचे सुतार हसले होते. नकाशात आधी फळ्या एकमेकींना जोडायच्या होत्या आणि आतल्या फासळ्या नंतर बसवायच्या होत्या. सांगाड्याशिवाय भिंत कशी उभी राहील? खिजर फोरमन होता, त्याने नकाशा जमालुद्दीनपुढे धरला. "असंच करतात," जमालुद्दीन म्हणाला होता.

त्याचं गाव जयगडच्या खाडीकाठी. एकतीस वर्षांपूर्वी तो जहाजाचा सुतार म्हणून मुहर्रकच्या एका होडी-कारखान्यात आला. सहा वर्षांत तिथला मालक फायबरकडे वळला. त्यानंतरची पंचवीस वर्षं जमालुद्दीनने सलमाबादमध्ये स्वयंपाकघरांची कपाटं आणि दुकानांचे काउंटर बनवले. मार्चमध्ये त्याला साठ वर्षं पूर्ण होणार होती, व्हिसा संपणार होता आणि तो गावी परतणार होता. पंचवीस वर्षांनी हातात आलेलं हे पहिलं गलबत होतं, आणि शेवटचंही.

साहेब गेल्यावर निवेदिता त्याच्या शेजारी बसली. "चाचा, गळणार हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय?" त्याला खरंच नवल वाटलं. "चार महिने शेडमधे सुकलेलं लाकूड, सांधे उघडनारच. फुगलं की मिटतात. बाई, आमच्या खाडीत शेंबड्या पोराला ठाव हाय."

"मी पुण्याची आहे. आमच्याकडे नदीलाच पाणी नसतं."

तो हसला नाही. "मना वाटलं, तुमच्या नकाशात असंल."

"किती वेळ लागेल?"

"खाडीत दोन-तीन दिस. पन..." तो थांबला. गावच्या होड्यांना खिळे असतात. इथे नकाशाप्रमाणे त्याने फळ्यांच्या कडांमध्ये खाचा पाडून दोन्ही फळ्यांत शिरणारे चपटे लाकडी कुसू बसवले होते आणि प्रत्येक कुसू खुंटीने अडकवला होता. एकूण तीनशे बारा. हे काम तो आयुष्यात पहिल्यांदा करत होता. "मी कुसू घट्ट मारलेत. लाकूड फुगलं नि त्याला जागा नाय गावली, तर फळी फुटंल."

"मग?"

"मग खलास."

निवेदिताने साहेबांना फोन लावला. अकरा मिनिटं बोलली. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाआधी काय ते कळवायचं, असं ठरलं.

जमालुद्दीन उठला. "खिजर, पाइप आन. आतनं पन पानी भर."

"चाचा, डोकं फिरलं काय? बुडंल ना!"

"बुडवायचंच हाय. दोनी अंगांनी सारखं भिजू दे."

आत रेतीच्या गोण्या ठेवल्या. बारापर्यंत गलबताची फक्त नाळ पाण्यावर उरली. पलीकडच्या शेडमधला मल्याळी वेल्डर जेवायला जाताना ओरडला, "चाचा का सबमरीन! बधाई हो!"

संध्याकाळी गावाहून बायकोचा, शरीफुन्निसाचा फोन आला. "तरली का तुमची होडी?"

"बुडवून ठेवलीय."

"इतकी वर्सं थांबून बुडवलीत?"

"सुकली होती गो."

"मग बरोबर हाय." तिचा बापही खाडीतलाच. "नव्या फळ्या ना? तीन दिस ठेवा. दोनवर भागवू नका."

त्याच्याकडे दोनही पुरते नव्हते.

गुरुवारी दुपारी निवेदिता कागदांचं बाड घेऊन आली. तिला साहेबांना दाखवायला पुरावा हवा होता. "ग्रीक लोक लढाऊ जहाजं किनाऱ्यावर ओढून वाळवायचे, हे सापडलं."

"नि परत पान्यात घातल्यावर?"

"ते कुठे लिहिलेलं नाही."

"लिवनारा सुतार नसंल."

आता ती हसली. मग त्याला एकेक सांगत गेली. सोन्याची लोकर आणायला गेलेल्या खलाशांची त्यांच्यात गोष्ट आहे. काळ्या समुद्रापलीकडच्या डोंगरात लोक नदीच्या धारेत मेंढीची कातडी अंथरत, तिच्या केसांत सोन्याचे कण अडकत. गोष्ट बहुधा त्यातून आली. त्या गलबताच्या नाळेतलं लाकूड म्हणे बोलायचं.

"लाकूड बोलतंच," जमालुद्दीन म्हणाला. "ठोकून बघायचं नि ऐकायचं. कोरडं येगळं बोलतं, भिजलेलं येगळं."

"आणि हे बघा. बहरीनला ग्रीक टायलोस म्हणत. एकाने लिहिलंय, या बेटावरच्या एका लाकडाची जहाजं बांधतात, ती पाण्यात दोनशे वर्षं कुजत नाहीत."

"हितं? हितं खजुरीबिगर काय उगवतंय?" त्याने बोटाने पाण्याखालची फळी दाखवली. "त्यो साग. आमच्याकडनं आलेला असनार."

"काही अभ्यासकांनाही तसंच वाटतं."

"त्यांना इचारायला कशाला जायचं—"

टाकीतून काडकन आवाज आला.

जमालुद्दीन कपड्यांसकट टाकीत उतरला. डोळे मिटून त्याने बोटं एकेका सांध्यावरून फिरवली. डावीकडच्या तिसऱ्या फळीवर बोटं थांबली. दहा मिनिटांनी तो वर आला.

"तडकलीय. वीतभर. आरपार नाय."

"आता?"

"आता काय. इंशाल्ला."

शुक्रवारी सकाळी साडेआठला खिजरने गोण्या काढल्या. आतलं पाणी बादल्यांनी उपसलं. गलबत हळूहळू वर आलं, सुरुवातीला एका कुशीवर, मग सरळ. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी जमालुद्दीनने आतला तळ फडक्याने कोरडा पुसला आणि तो काठावर येऊन बसला. वेल्डर आला, विनोद न करता उभा राहिला.

दहा चाळीसला निवेदिताने काठावरून वाकून हात आत घातला. तडकलेल्या फळीखाली चहाच्या कपाएवढं पाणी साठलं होतं. बाकीच्या तळावर तिने तळवा फिरवून बघितला. तळवा कोरडा निघाला.

तिने व्हिडिओ पाठवला. सात मिनिटांनी साहेबांचं उत्तर आलं. तिने ते मोठ्याने वाचलं: "ओके. ट्रक दोन वाजता येईल."

खिजरने शिट्टी मारली. "यल्ला चाचा, जुम्म्याला चला. आंघोळ करा आधी."

"थांब."

"आता काय? तरंगतंय की!"

"रिकामी होडी कुनी पन तरंगवील."

जमालुद्दीनने चपला काढून टाकीच्या काठाशी जोडून ठेवल्या. विजारीचे पाय दुमडले. एक हात खिजरच्या खांद्यावर टेकवून त्याने अनवाणी पाऊल मधल्या फळीवर ठेवलं, मग दुसरं. गलबत थोडं दबलं, कुशीवर झुकलं आणि त्याच्या वजनाखाली सरळ झालं. त्याने खिजरच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.