तोटी अडकली तो सोमवार

मित्रांनो, मी एक जुनी, तोटी मोडलेली ब्युरेट आहे. ब्युरेट म्हणजे अंगावर आकडे कोरलेली काचेची उभी नळी. हैदराबादहून गवत भरलेल्या पेटीतून मला सेलूच्या एका सरकी-तेलाच्या गिरणीत आणलं. तेलातलं आम्ल मोजायला मी कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने सोडायची. गिरणीतले तपासनीस रामलिंगअप्पा मला रोज धुवायचे. तेव्हा माझा तोरा काय विचारता!

निजामाच्या अमलातली शेवटची वर्षं होती. वालूरच्या भागम्मा उसाच्या रसाचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, करायच्या. त्यात पाणी असल्याची तक्रार झाली आणि दारोगा चंद्रभान तो तपासायला आमच्याकडे आले. सिरका अस्सल असेल तर ठरलेल्या मापाला पंचवीस मिलीलीटर सोडा लागायला हवा होता. त्यांनी त्यात मिथिल ऑरेंज टाकलं, आम्लात लाल आणि आम्ल उतरलं की पिवळा होणारा रंग. आठ मिलीलीटरवरच तो पिवळा झाला. रंग फिरला म्हणजे आम्ल संपलं, असं समजून त्यांनी मला बंद केलं.

"निम्म्याहून जास्त पाणी हाय. सोमवारी सगळे रांजण ओतायचे."

"अप्पा, म्या एक थेंब घातला न्हाई. इष्टलिंगाची आण!" भागम्मा रडायला लागल्या. बारा रांजण म्हणजे त्यांच्या घराचं वर्षाचं पोट होतं.

रामलिंगअप्पा लॉगचा तक्ता घेऊन बसले. सामू म्हणजे आंबटपणाचं माप, शुद्ध पाण्याचा सात, आंबट तितका कमी. सिरक्याचं आम्ल दुबळं, सोडा जोरकस. आठावर पंचविसातलं सतरा भाग आम्ल शिल्लक, तरी सामू ४.४, आणि मिथिल ऑरेंज तेवढ्यावरच पिवळं होतं. साडेबारावर ४.७४. पंचविसावर आम्ल संपतं, पण तिथे सामू सात नसतो, ८.७२ असतो! तिथे फिनॉल्फ्थॅलीन हा दुसरा रंगच हवा, तो गुलाबी होऊन सांगतो.

"तुमचा सिरका खरा हाय. रंग चुकला," अप्पा म्हणाले.

तीन दिवस ते गणित पुन्हापुन्हा तपासत राहिले आणि मला धुवायचं विसरले. उरलेला सोडा माझ्या काचेच्या तोटीत मुरून काचेला काच चिकटवत होता. तोटी आवळत चाललेली मला कळत होती. ओरडावंसं वाटे, पण काचेला तोंड कुठलं?

सोमवारी दारोगा म्हणाले, "कागद मला कळत न्हाई. नळीत दाखवा."

अप्पांनी तोटी फिरवली. हलेना. तेल सोडलं, गरम फडकं गुंडाळलं. हलेना. भागम्मा हात जोडून माझ्याकडे बघत होत्या, मित्रांनो, माझ्याकडे! अप्पांनी जीव खाऊन पिळली आणि मी कट्‌कन मोडले.

"साहेब, हैदराबादहून दुसरी येईस्तोवर थांबा."

"हुकूम आजचा हाय."

संध्याकाळी अप्पा वालूरहून परतले तेव्हा त्यांच्या धोतराला सिरक्याचा वास येत होता.

म्हणून हात जोडून सांगते, सोडा वापरला की नळी लगेच धुवा, तोटी काढून ठेवा. अप्पांचं गणित बरोबर होतं. मीच उघडले नाही.