पारड्याविना मैदान

मल्लिनाथअप्पा उदगीरच्या मोंढ्यात, तिथल्या धान्यबाजारात, एकतीस वर्षं मापाडी होते. एवढ्या वर्षांत तुरीची, हरभऱ्याची किती पोती तोलली याची नोंद कुणी ठेवली नाही. पण त्यांच्या मापावर दोनदाच कुणी आवाज चढवला होता, आणि दोन्ही वेळा चढवणाराच संध्याकाळी पान घेऊन घरी आला होता, हे मोंढ्यात सगळ्यांना पाठ होतं. मग नवा काटा आला. जमिनीलगत एक सपाट पत्रा. त्यावर पोतं ठेवलं की लाल आकडे. आढ्याला टांगलेला जुना काटा गोदामात गेला आणि अप्पा घरी आले.

त्यांची लेक अंबिका लातुरात खोली घेऊन राही आणि गेम बनवणाऱ्या एका कंपनीचं काम तिथूनच करी. गेम सोपा होता. दोन गडी उड्या मारत एकमेकांना ढकलायचे. मैदानाबाहेर पडेल तो हरला. ही मैदानं बांधणं अंबिकेचं काम. तिची आई, दानम्मा, शेजारणींना सांगे, पोरगी एवढी शिकली आणि तालमीला लागली.

कंपनीनं नवं मैदान मागितलं तेव्हा अंबिकेनं मोंढा बांधायला घेतला. चढायला पोत्यांच्या थप्प्या, आणि मधोमध टांगलेला काटा. गडी पारड्यात उतरला की ते त्याच्या वजनानं खाली जाणार, समोरचं वर येणार. अप्पांना विचारून विचारून तिनं तो केला. पहिल्यांदा दाखवला तेव्हा ते म्हणाले, एवढ्याशा गड्याला पारडं इतकं खाली जाईल का, ही लबाडी हाय. दुसऱ्यांदा म्हणाले, पारडं धाडकन जात नसतं, आधी जरा विचार करतं, मग बसतं. तिसऱ्यांदा नुसते बघत राहिले. तेव्हा अंबिकेला कळलं की जमलं. ‘जेवलीस का’च्या पुढं कधी न गेलेला बापलेकीचा फोन मैदान बांधायच्या त्या आठ महिन्यांत रोज तासभर चालला. ते आठ महिने अंबिकेनं मनात वेगळे बांधून ठेवले होते.

मैदान लोकांना आवडलं, पण नावाजलेल्या खेळाडूंनी तक्रार केली. जड गडी पारड्यात खाली जातो, हलक्याला फुकट उंची मिळते. स्पर्धेत हे चालायचं नाही. त्या गेममध्ये प्रत्येक मैदानाचं एक सपाट रूप असे. थप्प्या नाहीत, चढउतार नाही, नुसती एक लांब फळी. वेळ संपून बरोबरी झाली तर निकालही त्या फळीवरच लागे. तिथं पहिला फटका खाईल तो पडला. मोठ्या स्पर्धेत मोंढा सपाटच खेळवायचा, असं ठरलं. उभं करायला आठ महिने लागलेलं मैदान अंबिकेनं एका दुपारी सपाट केलं. मागं रिकाम्या शेडचं चित्र ठेवलं आणि फाइल पाठवून दिली.

अप्पांनी फोनवर विचारलं, स्पर्धा कधी हाय? तिनं तारीख सांगितली. काटा दिसंल ना, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, आपलंच मैदान हाय, अप्पा. हे उत्तर तिनं किती तोलून दिलं होतं ते तिलाच ठाऊक. अप्पांनी ते होकार म्हणून घेतलं.

रविवारी दुपारी ती उदगीरला पोचली तेव्हा टीव्हीसमोर सतरंजी अंथरलेली होती. एकेकाळी अप्पांच्या काट्यावर पोती चढवणारा श्रीमंत नावाचा हमाल नवा सदरा घालून पुढं बसला होता. खुर्चीत अडत्या विरूपाक्षशेठ. हा माणूस कुणाच्या घरी गेला की नवं काय आलं आणि जुनं काय फुटलं ते बघूनच चहाला हात लावी. अप्पांनी दाढी केली होती. अंबिकेला त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तिनं पाणी प्यायला घेतलं, आणि तेवढ्यात खेळ सुरू झाला.

पडद्यावर मोंढ्याचं नाव आलं, श्रीमंतनं टाळी वाजवली. मग ती फळी आली. दोन गडी, मागं रिकामी शेड. विरूपाक्षशेठनी थोडा वेळ वाट बघितली आणि म्हणाले, “मल्लिनाथ, काटा कुठं हाय रे? का इथंबी पत्राच बसवला?”

अप्पा हसले. म्हणाले, डावाच्या वेळी काटा आत ठेवतात, मोडतोड व्हायला नको म्हणून. त्यांच्या तोंडून खोटं माप अंबिकेनं पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते तिच्यासाठी टाकलेलं होतं.

चहा झाला, पाहुणे गेले. अप्पा सतरंजीची घडी घालत होते.

“पारड्यात खोट निघाली का?”

“न्हाई अप्पा. खरं होतं म्हणूनच. जड-हलकं कळतं, ते त्यांना नको. सगळे सारखे पाहिजेत.”

“कुणी काढला?”

“मीच.”

सतरंजीची घडी त्यांनी दोनदा उकलून पुन्हा घातली. “सांगायचं व्हतंस. मी कुणाला बोलावलं नसतं.”

मग त्यांनी काट्याचं मैदान लावायला सांगितलं. अंबिकेनं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि खेळायचा एक रिमोट त्यांच्या हातात दिला. दोघांनी सारख्याच वजनाचे गडी घेतले. अप्पांना डावं, उजवं आणि उडी एवढंच येई. ते सावकाश थप्प्या चढले आणि एका पारड्यात जाऊन उभे राहिले. तू समोर ये, म्हणाले. अंबिका दुसऱ्या पारड्यात उतरली. पारडी डुलली, जरा विचार केला, आणि दांडी आडवी झाली. अप्पा टीव्हीजवळ सरकून दांडीच्या मधल्या काट्याकडं बघत राहिले. मोंढ्यात ते असेच बघत, श्वास रोखून. कुणीच कुणाला मारलं नाही. वेळ संपली.

बरोबरी झाली, म्हणून गेमनं दोघांना उचलून सपाट फळीवर ठेवलं. हा नियम आपण विसरलो, हे अंबिकेच्या तेव्हा ध्यानात आलं.

अप्पांनी रिमोट खाली ठेवला. त्यांचा गडी फळीच्या टोकाला तसाच उभा. आतून दानम्मानं ताटं वाढल्याचं सांगितलं.

“मार,” अप्पा म्हणाले. “भाकरी गार व्हायलीय.”

तिनं बंदच करायला हवं होतं. पण अप्पा बघत होते, आणि अर्धवट सोडलेलं काम त्यांना कधी खपलं नाही. तिनं बटण दाबलं. त्यांचा गडी उडाला. थप्पी असती तर कुठंतरी अडकला असता. तो सरळ गेला, पडद्याच्या बाहेर, आणि अप्पा हात धुवायला उठले.