बाळंतिणीचा शेक

अनुराधाबाई नागपूरहून इंग्लंडात लेस्टरला आल्या त्या लेकीच्या बाळंतपणासाठी, आणि आल्या दिवसापासून त्यांचं एकाच गोष्टीवरून डोकं फिरलं होतं. जावई घर गरम होऊ देत नव्हता. म्हणजे करायचा, सकाळी थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. बाकी दिवसभर भिंतीवरचे ते पांढरे रेडिएटर नुसते शोभेला. बाहेर गुडघ्याएवढा बर्फ, आत नाकाचा शेंडा गार, आणि ओली बाळंतीण मोज्यांवर मोजे चढवून रजईत बसलेली.

"इतका कसा गं चिक्कू हा माणूस?" त्या मीनलला विचारायच्या.

"गॅस फार महाग झालाय आई या वर्षी," मीनल म्हणायची आणि दुसरंच काहीतरी काढायची.

महाग म्हणे! आणि माझी पोरगी काय रस्त्यावर पडली होती का, असं अनुराधाबाईंच्या अगदी ओठांवर यायचं. पण जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला तोंड उघडून बोलायचं नाही, हे त्यांच्यात मुरलेलं. त्यातून त्याच्याच घरात राहायचं, त्याचंच मीठ खायचं. "नकुलराव, चहा टाकू का?" यापलीकडे त्यांचं बोलणं जात नसे. नकुलही "हो आई, चालेल" म्हणायचा आणि सकाळी बॅग खांद्याला लावून निघून जायचा.

जायचा तो ऑफिसात नव्हे, लायब्ररीत. त्याची नोकरी दिवाळीच्या सुमाराला गेली होती. दिवसभर तिथल्या उबेत बसून तो अर्ज करायचा. आई इतक्या लांबून आल्यात, त्यांच्या जिवाला घोर नको, असं नवराबायकोनं ठरवून टाकलं होतं. अनुराधाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना दिसायचं ते एवढंच, की जावई खिडक्यांच्या कडांना टेप लावतोय, वरच्या खोलीतल्या भिंतीच्या जाळीत जुनी वर्तमानपत्रं कोंबतोय. "इथून वारा येतो," तो म्हणाला होता. अरे, वारा कोंडण्यापेक्षा ते बटण फिरव की मेल्या, असं त्या मनातल्या मनात म्हणाल्या.

त्या दिवशी बाळाला तेल लावायला घेतलं तर तिचे पाय बर्फासारखे. शिंकली, आणि मग कुरकुरत राहिली. झालं. अनुराधाबाईंचा संयम संपला. जावयाला सांगायचं नाही ना? नका सांगू. आपल्या हातात काय कमी आहे?

मागच्या शेडमध्ये आधीच्या भाडेकरूनं कोळशाची अर्धी पिशवी टाकून दिली होती. अनुराधाबाईंनी अंगणातला बर्फ पायानं बाजूला सारला, लोखंडी कढईत कोळसे रचले, कागद पेटवला आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसल्या. त्यांनी काय कमी बाळंतपणं केली होती? सुनेचं, भाचीचं, शेजारणीच्या पोरीचंसुद्धा. बाजेखाली शेगडी, वर बाळंतीण, ओव्याची धुरी. धूर निघून गेला आणि निखारा लाल झाला की भ्यायचं काही कारण नाही, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं. पण तिकडे त्या जुन्या घराच्या दारांना फटी होत्या आणि वर कौलं होती, हे आईनं वेगळं कशाला सांगायचं?

निखारे फुलल्यावर त्यांनी कढई फडक्यानं धरून वर नेली आणि पलंगाशेजारी विटेवर ठेवली.

"आई, अगं हे काय!" मीनल उठून बसली. "अलार्म वाजेल."

"वाजायला धूर कुठाय? बघ तरी. पड गुपचूप."

ओवा तडतडला. मीनलनं आधी नाक मुरडलं, मग हळूहळू रजईतून पाय बाहेर काढले, पाठ शेकाकडे केली. "आई गं, किती दिवसांनी गं," ती म्हणाली. अनुराधाबाईंना अगदी भरून आलं. लेकराला तिच्या कुशीत देऊन, ऊब जाऊ नये म्हणून दार घट्ट ओढून घेत त्या खाली अळिवाची खीर करायला गेल्या.

थोड्या वेळानं वरून हाक आली. "आई, डोकं फार दुखतंय गं."

"ओव्याचा वास चढला असेल," त्या जिन्याखालूनच ओरडल्या. "पडून राहा, बरं वाटेल."

गॅसवर दूध वर येत होतं, म्हणून त्या वर गेल्या नाहीत. आग लागो त्या दुधाला!

बर्फामुळे लायब्ररी लवकर बंद झाली, म्हणून नकुल दुपारीच घरी आला. दारात बूट काढता काढता थबकला. "आई, कसला वास येतोय?"

"शेक दिलाय मीनलला," अनुराधाबाई म्हणाल्या, आणि आज पहिल्यांदाच त्यांच्यानं राहवलं नाही. "घर गार असतं ना तुमचं, म्हणून."

नकुलचा चेहरा पांढराफटक पडला. "आत? कोळसा?" एवढंच म्हणून तो जिना धावत चढला. मग टेप फाटल्याचा, खिडकी आपटल्याचा आवाज आला. तो खाली आला तेव्हा बाळ त्याच्या हातांवर लुळं पडलेलं होतं. ते त्यांच्या हातात देत तो किंचाळला, "बाहेर न्या! अंगणात!" आणि फोन कानाला लावून मीनलला आणायला परत वर पळाला.

अनुराधाबाई बर्फात अनवाणी उभ्या राहिल्या. पोर रडेना. त्यांनी गाल थोपटले, तळवे चोळले, "रड गं माझे बाई, एकदा रड," म्हणून तिला हलवलं. पोर काही रडेना. ती रडली ती ॲम्ब्युलन्समध्ये, तोंडावर ऑक्सिजनचा इवलासा मास्क असताना, मांजराच्या पिलासारखी बारीक.

हॉस्पिटलात दोघींना ऑक्सिजनवर ठेवलं; निखाऱ्यांचा न दिसणारा विषारी वायू अंगात भिनला होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर, असं काहीसं डॉक्टर म्हणाली. पुढचं नकुलनं सांगितलंच नाही. मग नर्सनं वही उघडून काहीतरी विचारलं. कोळसा आत कुणी पेटवला, हा प्रश्न कळायला इंग्रजी फारसं लागत नव्हतं. अनुराधाबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, पण त्याआधीच नकुल बोलला होता. "आय डिड." तेवढं त्यांना कळलं.

नर्स गेल्यावर त्या त्याच्याकडे वळल्या. "खोटं का बोललात, नकुलराव?"

"जाळी मीच बुजवली होती, आई. खिडक्याही. माझी नोकरी गेलीय. दिवाळीपासून."

"अहो, मग एका शब्दानं सांगायचं नाही का? मी काय परकी आहे?"

"तुम्ही तरी कुठे म्हणालात, थंडी वाजते म्हणून?"



दुसऱ्या दिवशी मीनल उशीला टेकून बसली होती, बाळ तिच्या मांडीवर. नकुल हळू आवाजात समजावत होता. "कौन्सिलची बाई घरी येईल चौकशीला, बाळ सुरक्षित आहे का ते बघायला. माझंच नाव राहू दे. आईंचं कळलं तर बाळाजवळ त्यांना एकटं राहू देणार नाहीत."

अनुराधाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. आपण ज्याला चिक्कू म्हणालो, मनात शिव्या घातल्या, तो हा माणूस. त्यांनी डोळे पुसले आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले. "दे गं. तू पड जरा, मी घेते तिला."

मीनलनं दुपटं बाळाभोवती आणखी घट्ट ओढलं.

"कौन्सिल राहू देईल, आई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी नाही राहू देणार."

अनुराधाबाईंचे हात तसेच राहिले. मग त्यांनी ते पदराखाली घेतले.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या.