तिसऱ्या पेटीतल्या दोघी

सासऱ्यांनी मधमाश्यांच्या तिसऱ्या पेटीला कान लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग गुडघ्यांवर हात टेकत उठले.

"काही नाही. निवांत आहेत."

सून फोनकडे पाहत होती. महिन्यापूर्वी तिने प्रत्येक पेटीत काडेपेटीएवढा माइक बसवला होता; आतला आवाज फोनवर रेघांनी उमटायचा. सासऱ्यांनी तेव्हा नाक मुरडलं होतं. पेटीत राणी आहे की गेली, हे चाळीस वर्षं नुसत्या कानाने सांगणारा हा माणूस. सगळे त्यांना कानसेन म्हणत. हा मान गेला तर पेट्यांपाशी आपलं काय काम उरणार, याचा त्यांना घोर लागला होता. कारण गेली तीन वर्षं पेट्या गप्प होत्या. सगळ्याच. मागच्या खेपेला ते असंच "निवांत" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी अख्खा थवा उडून गेला. खापर त्यांनी मुंग्यांवर फोडलं होतं.

सून म्हणाली, रेघा वेगळंच काही सांगतायत, पण आपला रेघांवर भरवसा नाही. जाणत्या कानाने खात्री केलेली बरी. तिने पिशवीतून हेडफोन काढला आणि फोनला जोडून पुढे केला. यंत्राला नावं ठेवत, आढेवेढे घेत त्यांनी तो चढवला.

टूं, टूं, टूं. मग दबक्या आवाजात दुसरीचं उत्तर. बाहेर आलेली नवी राणी आणि अजून कोषातच अडकलेली तिची बहीण, दोघी एकमेकींना दम देत होत्या. म्हणजे थवा उद्यापर्यंत उठणार. तीन वर्षांनी हा आवाज ऐकून सासऱ्यांना इतका आनंद झाला की त्यांचे डोळे भरून आले. मग आपण मघाशी काय बोललो होतो ते आठवलं.

आवाज थोडा वाढवावा म्हणून त्यांनी हेडफोनची कळ चाचपली. ती आधीच शेवटापर्यंत फिरवलेली होती. त्यांनी वळून पाहिलं. सून पाठमोरी बसून धुराचा डबा पेटवत होती.

"मला मघाशी काहीच ऐकू आलं नव्हतं," ते म्हणाले.

"आता आलं ना, बाबा? मग काय करायचं ते सांगा."

"रिकामी पेटी आण. कोष असलेली पोळ्याची चौकट तिच्यात हलवू, म्हणजे दोघी वेगळ्या होतील आणि थवा उठणार नाही."

ती उठली.

"आणि जाण्याआधी," ते चौथ्या पेटीपुढे बसकण मारत म्हणाले, "हिचा आवाज कुठून लावायचा, ते दाखवून जा."