दहापैकी तीन

लवेल प्रूडोमने आयुष्यात एकच परीक्षा ठरवून वाईट दिली, आणि तेवढी एकच त्याला फार चांगली जमली.

तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. ओपेलुसास गावातून थेट व्यावसायिक अमेरिकी फुटबॉलच्या शिबिरात आलेला, अंगापिंडाने रेडा. जागा रक्षणफळीतली. समोरचा गडी चेंडू छातीशी कवटाळून पळत आला की त्याला आडवं करायचं; आपलं डोकं आधी जायचं, बाकीचं अंग मागून पोचायचं. शिबिराच्या पहिल्याच आठवड्यात प्रत्येक नव्याला संगणकासमोर बसवून दहा शब्द दाखवत आणि वीस मिनिटांनी विचारत. जमलेला आकडा फायलीत जायचा. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा दहा शब्द. आकडा घसरला तर बाकावर बसायचं, आणि बाकावर बसलेल्याची जागा घ्यायला मागे चौघे टपलेलेच असायचे.

सायलस बोड्रो म्हणजे संघातलं जुनं खोड. त्याने आदल्या दिवशी जेवणाच्या रांगेत लवेलला गाठलं.

"नव्या, उद्या हुशारी पाजळू नकोस. तीन सांग."

"आणि दहाही आठवले तर?"

"तर सात गिळ. शून्य सांगितलंस तर ढोंग कळेल. दहा सांगितलेस तर पहिल्या टोल्याला घरी जाशील. तीन. मूर्ख नाही दिसायचं, मंद दिसायचं. समजलं?"

"समजलं."

"इतक्या लवकर समजायचं नाही. सवय लाव."

लवेलने तीन सांगितले. मग अकरा हंगाम आणि तीन संघ तो खेळला. एकदा तर आपटून उठला तो सरळ जाऊन समोरच्या संघाच्या बाकावर बसला; त्यांनी पाणीही दिलं बिचाऱ्यांनी. मागाहून त्याला आत नेऊन दहा शब्द दाखवले. खरेच तीन आठवले. "जसा होता तसाच आहे," म्हणून परत मैदानात सोडला. फाईल वाचली तर लवेल प्रूडोमला अकरा वर्षांत डास चावल्याचीसुद्धा नोंद नव्हती.

आता तो सेहेचाळीसचा होता. गेल्या महिन्यात शेजारचे मिस्टर गिडरी किराण्याची पिशवी छातीशी धरून आपल्या दाराकडे निघाले होते. लवेल व्हरांड्यात बसला होता. त्याने पाहिलं, आणि जे शिकला होता ते केलं. तंत्र निर्दोष होतं. गिडरींचं गळ्याचं हाड मोडलं, अंडी सगळी फुटली.

न्यायाधीशबाईंनी महिन्याची मुदत दिली. दिवसा घरात राखण करणारा माणूस ठेवा, नाहीतर याला कुलुपातल्या दवाखान्यात पाठवते. त्याची बायको ओडेसा शाळेची बस चालवायची, पहाटे साडेपाचला निघायची. बसची नोकरी सुटली तर घरही सुटणार. जुन्या खेळाडूंच्या मदत मंडळाकडून माणूस मिळत होता. अट एकच, बुद्धी खेळामुळे घसरली हे सिद्ध व्हायला हवं. म्हणून दोघं न्यू ऑर्लिन्सला डॉक्टर हॅसेटबाईंपुढे येऊन बसली.

दहा शब्द दाखवून झाले. वीस मिनिटं गेली.

"सांगा, मिस्टर प्रूडोम."

लवेलने जीव तोडून शोध घेतला. कपाळावर घाम आला. "चमचा. पूल..." त्याने बोटं मोजली. "मावशी?"

"मावशी नव्हती."

"कापूस. टोपी."

"चार." बाईंनी फाईल उघडली. "बाविसाव्या वर्षी तीन होते. म्हणजे एक वाढलाय."

"वाढलाय?" ओडेसा उभीच राहिली. "अहो बाई, हा माणूस शेजाऱ्यांना आडवं करतोय!"

"ते वर्तन झालं. माझ्याकडे फक्त स्मरणशक्तीचं काम आहे."

"लवेल, सांग ना त्यांना! तोंड उघड!"

लवेलने मान खाली घातली. "मी तेव्हा खोटं बोललो, बाई. दहाही येत होते. सगळेच तसं करायचे."

"कोणी साक्षीदार?"

"सायलस बोड्रो."

"कुठे भेटतील?"

"दफनभूमीत," ओडेसा म्हणाली. "सहा वर्षं झाली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. आणि लवेलच्या डोक्यात, जिथे आज सकाळचा नाश्ताही सापडत नव्हता, तिथे अचानक दिवा लागला.

"ओढा," तो म्हणाला. "शिट्टी. काकडी. घोडा. खिडकी. लोणी. सुई. ढग. कुंपण. बिशप."

"हे काय?"

"तेव्हाचे दहा. मी रोज म्हणायचो. नेमके कुठले सात गिळलेत ते विसरलो असतो, तर चुकून सांगून बसलो असतो."

बाईंनी जुना कागद काढला. बोट ठेवत ठेवत खाली गेल्या. दहाच्या दहा, त्याच क्रमाने. ओडेसाने लवेलचा हात इतका दाबला की त्याला आपण जिंकलो असं वाटलं.

बाईंनी चष्मा काढला. "चोवीस वर्षांपूर्वीचे दहा शब्द. क्रमाने. माझ्या नवऱ्याला लग्नाची तारीख सांगता येत नाही." आणि लिहिलं: जुनी स्मृती असाधारण.

"असाधारण?" ओडेसाचा आवाज फाटला. "आज सकाळी यानं मला विचारलंय, 'बाई, तुम्ही कुणाच्या?'"

"शिवाय एकदा मुद्दाम कमी सांगितलंय हे त्यांनी आत्ताच कबूल केलं. मग आजचे चार खरे कशावरून?"

"म्हणजे खोटं बोलला तरी बरा, आणि खरं बोलला तरी बराच?"

"मला दिसतंय हो," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "पण कागदावर 'दिसतंय' असा रकाना नाही."

पत्र गुरुवारी आलं. लवेलने ते टपालपेटीपाशी उभ्या उभ्या वाचलं. घसरण आढळली नाही. उलट एका बाबतीत सुधारणा. इतकी चांगली बातमी त्याला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. तो धावत आत गेला.

"ओडेसा! अगं, मी बरा आहे! लिहून दिलंय त्यांनी!"

"हो रे," ती मान वर न करता म्हणाली. "सकाळपासून तिसऱ्यांदा ऐकतेय."

पलंगावर बॅग उघडी होती. दवाखान्याचा नियम होता, प्रत्येक कपड्यावर नाव हवं. ती एकेक बनियन उलटं करून मागे काळ्या शाईने नाव लिहीत होती. लवेलने एक उचलून उजेडात धरलं. प्रूडोम. अक्षर छान होतं. पण काहीतरी राहिलं होतं.

"नंबर कुठाय?"

"कसला नंबर?"

"पाठीवर नुसतं नाव असतं का, वेडे? कुणी घालू देणार नाही."

ओडेसाने त्याच्याकडे पाहिलं. "सांग मग. कितवा होता तुझा?"

लवेल पलंगाच्या कडेवर बसला. बनियन मांडीवर घेऊन त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं.

"अगं, हे तर तुला माहीत असायला हवं," तो म्हणाला.

ओडेसाने पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि त्याच्या हातातलं बनियन ओढून घेतलं. चोपन्न लिहिलं. मग दुसरं घेतलं. एकूण अकरा होती.