घरच्या गाडीचा एसी

गाडीचा एसी बिघडला तर बोईसरच्या कमलाकांत मेहेरकडेच न्या, असं तारापूरच्या कंपन्यांतले सगळे ड्रायव्हर सांगायचे. आणि त्याच कमलाकांतची बायको तीन उन्हाळे तापलेल्या गाडीत बसून पालघरला डायलिसिसला जात होती. आता काय म्हणावं अशा माणसाला! वाईट होता का? अजिबात नाही. पुष्पलतावर त्याचा जीव होता. फक्त घरचं काम हातात घ्यायला त्याला कधी मुहूर्तच सापडत नव्हता.

गाडी ब्याण्णव सालची, पांढरी, वीजकेंद्रातून निवृत्त झालेल्या एका साहेबांकडून घेतलेली. तिचा एसी जुन्या गॅसवरचा. तो गॅस आकाशातल्या ओझोनला भोकं पाडतो म्हणून कधीच बंद झाला होता. गाडीतला उरलासुरला गळून गेला, तेव्हापासून एसीच्या जाळीतून नुसती गरम हवा यायची. नवा गॅस मिळतो हो, पण तो तसाच भरून चालत नाही. कंप्रेसरमधलं जुनं ऑइल पूर्ण काढायचं, पाइप आतून धुवायचे, प्रत्येक जोडाची रबरी रिंग बदलायची, नवं ऑइल घालायचं आणि मग कुठे गॅस. चांगलं दोन दिवसांचं काम. लोकांच्या गाड्यांत कमलाकांतनं ते शंभरदा केलं होतं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. घिवलीच्या घरून निघायचं, बोईसर, बेटेगाव करत पालघर गाठायचं. पुष्पलता पुढच्या सीटवर मानेवर ओला नॅपकिन टाकून बसायची.

"त्रास होतो का गं?" तो विचारायचा.

"नाय वो. वारा लागतो ना खिडकीतून. बरं वाटतं."

मे महिन्यात बोईसरच्या रस्त्यावर कसला वारा आणि कसलं काय! अंगाची लाही व्हायची नुसती. पण ती म्हणते ना बरं वाटतं, मग वाटत असेल, असं म्हणून कमलाकांत गप्प बसायचा. ते खरं मानणं त्याला सोयीचं होतं, दुसरं काही नाही.

घिवलीसारख्या कोळ्यांच्या गावात जन्मलेल्या माणसाला एक सवय लहानपणापासून लागते. होडी किनाऱ्याला लागली की चांगला पापलेट, चांगली सुरमई टोपलीत जाते आणि टोपली बाजारात. घरच्या कालवणाला काय, तर पोट फुटलेलं, शेपूट तुटलेलं, बर्फाखाली दबलेलं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पुष्पलता स्वतः वीस वर्षं बोईसरच्या बाजारात पाटी घेऊन बसली, पण आपल्या ताटात तिनं कधी अख्खा पापलेट वाढून घेतला नाही. कमलाकांतनं हीच रीत गॅरेजात चालवली. नवं सामान गिऱ्हाइकाला, आणि गिऱ्हाइकाच्या गाडीतून काढलेलं घरच्या गाडीला.

या वर्षी एप्रिलमध्ये पुष्पलताला धाप लागायला लागली. वैतरण्याला दिलेली लेक, कीर्ती, आईला बघायला आली आणि एकदा तिच्याबरोबर गाडीत बसून पालघरला गेली. परत आल्यावर तिनं बापाला अंगणातच धरलं.

"बाबा, लोकांची कुत्रीसुद्धा तुमच्यामुळं गार गाडीत फिरतात. आन् माझी आई भाजून निघते. तुमाला काय वाटतं का नाय?"

कमलाकांतला ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं घरची गाडी गॅरेजात घेतली. पण नेमकी मेहुलशेठ या बड्या गिऱ्हाइकाची मोठी गाडी दारात उभी. शेठला दुपारनंतर सुरतेला निघायचं होतं. मग काय, घरच्या गाडीला मिळाला जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास. कमलाकांतनं जुन्या ऑइलवरच नवा गॅस भरला. दुसऱ्या कोणी मेकॅनिकनं असं केलेलं दिसलं असतं, तर यानं त्याच्या अंगावर पाना फेकला असता. पण तो मनाशी म्हणाला, घरचीच गाडी हाय. पाऊस लागेपर्यंत चालेल, मग बघू निवांत.

दोन खेपा एसी लागला. पहिल्या खेपेला पुष्पलतानं जाळीपुढं तोंड नेलं, डोळे मिटले आणि लहान पोरीसारखी हसली. "अग्गो बाय! माज्या पाटीतल्या मासळीला असं वाटत असंल!" म्हणाली. कमलाकांतही हसला, आणि नीट करायचं काम आणखी पुढं गेलं.

तिसऱ्या खेपेला, पालघरहून परत येताना, बेटेगावच्या अलीकडं बॉनेटमधून किंचाळल्यासारखा आवाज आला. धूर निघाला, पट्टा तुटला, गाडी उभी राहिली. बॉनेट उघडायच्या आधीच त्याला कळलं होतं काय झालं ते. नवा गॅस जुन्या ऑइलला सोबत घेऊन फिरत नाही. कंप्रेसर कोरडा पडून जाम झाला होता. ही गोष्ट तो गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगायचा.

दुपारचा दीड वाजला होता. पुष्पलता रस्त्याकडेच्या दगडावर डोक्यावर पदर घेऊन बसली. एक रिक्षा थांबेल तर शपथ! पाऊण तासानं एक मिळाली तेव्हा तिला त्यानं आणि रिक्षावाल्यानं मिळून उचलून आत बसवावं लागलं.

ती आठ दिवस हॉस्पिटलात होती. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, उन्हाचं फक्त निमित्त झालं. कमलाकांतला त्यातलं ऊन तेवढं ऐकू आलं. डॉक्टर पुढं हेही म्हणाले की हिनं पावसाळा काढला तर बघू, त्यापुढचं मी काही सांगत नाही. हे त्यानं कीर्तीला सांगितलं. पुष्पलताला सांगायची हिंमत त्याच्यात नव्हती.

तिनं मात्र एका शब्दानं त्याला दोष दिला नाही. "मशीनच ती," म्हणाली. "भर दर्यात बोटीचं इंजिन नाय का बंद पडत?" तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पुष्पलता घरी आली, कीर्ती तिच्याजवळ राहिली, आणि कमलाकांतनं गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेतलं. मेहुलशेठचा फोन आला, त्याला म्हणाला, "शेठ, दोन दिवस नाय जमणार. घरचं काम हाय." तीस वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. नवा कंप्रेसर आणला. पाइप एकदा नाही, तीनदा धुतले. काढलेल्या रिंगांचा डबा हाताशीच होता, त्याला त्यानं हातसुद्धा लावला नाही. सगळ्या नव्या घातल्या. पंप लावून आतली हवा ओढली आणि काटा हलतो का बघत तासभर शेजारी बसून राहिला. नवा गॅस जुन्या मापापेक्षा थोडा कमीच भरायचा असतो, तोही वजन करून भरला. शेवटी बॉनेटखाली लेबल लावलं. त्यावर गॅस, ऑइल, तारीख आणि मालकाचं नाव लिहायची पद्धत असते. मालकाच्या जागी त्यानं लिहिलं, पुष्पलता कमलाकांत मेहेर. लिहिताना त्याचे डोळे भरून आले.

मंगळवारी डायलिसिस उरकून दोघं परत निघाली. जूनचा पहिला आठवडा, पावसाचा अजून पत्ता नव्हता. काचा वर होत्या आणि गाडी अशी गार पडली होती की नव्या गाड्यांनी तोंड लपवावं. कमलाकांतचा एक डोळा रस्त्यावर आणि एक बायकोवर.

"गार हाय ना?"

"हाय ना. बरं वाटतं."

त्याला काय आनंद झाला! बेटेगावचा तो दगड मागं पडेपर्यंत त्यानं नजर समोरच ठेवली, मग पुन्हा बोलायला लागला. पाऊस थांबला की वैतरण्याला जाऊ कीर्तीकडं, याच गाडीनं, अगदी भर दुपारी निघू. पुष्पलता नुसतं हं हं करत होती.

बोईसरला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली. पाणी देतो म्हणून त्यानं बाटली पुढं केली आणि तिच्या हाताला त्याचा हात लागला. बर्फातून काढलेल्या मासळीसारखा गार हात. त्यानं नीट बघितलं. तिच्या दंडावर काटा उभा होता. दुसरा हात तिनं मांडीखाली दाबून धरला होता, आणि दात वाजू नयेत म्हणून जबडा घट्ट आवळला होता.

"पुष्पा, थंडी वाजते तुला?"

"थोडी. आताशा मशीनवरनं उठलं की वाजते. नर्सबाय दोन दोन चादरी घालतात." मग घाईघाईनं म्हणाली, "असू द्या वो. तुमी एवढं केलंय."

तीन उन्हाळे ती असंच बरं वाटतं, बरं वाटतं म्हणत आली होती. ती भाजत होती तेव्हाही, आणि आज गारठत होती तेव्हाही.

कमलाकांतनं एसी बंद केला. हँडल फिरवून दोन्ही काचा खाली घेतल्या. ट्रकांचा धूर, कंपन्यांचा तो उग्र वास आणि भट्टीसारखी गरम हवा भसकन आत आली. पुष्पलतानं तोंड खिडकीकडं केलं, आणि हळूहळू तिचा जबडा सैल झाला.

"आता खरंच बरं हाय," ती म्हणाली.

कमलाकांत स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागला. पुढचे ट्रक सरकले, मागचे हॉर्न मारायला लागले, कोणीतरी हिंदीतून शिवीसुद्धा घातली. पुष्पलतानं आपल्या मानेवरचा नॅपकिन काढून त्याचा चेहरा पुसला.

"चला आता, लोकं बोंबलतात मागं. गाडी लई छान केलीत हां तुमी. ठेवू अशीच," ती म्हणाली. "पुढल्या उन्हाळ्यात लावू."

"लावू," कमलाकांत म्हणाला, आणि त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.